आठ ससे आणि पेपरमिंटची गोळी

मंगळवार, दिनांक १२ ऑगस्ट १९५८, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. ओव्हरवीनच्या औषध कंपनीच्या ससेघरात तीन ससे आपापल्या लाकडी खोड्यात मान अडकवून बसले होते, आणि त्यांच्यासमोर पाठीमागे हात बांधून उभे असलेले ससेघराचे कारभारी गेरिट हूकझेमा सांगत होते, "अकरा वर्षांत माझा ससा एकदाही खोटं बोललेला नाही."

हे वाक्य डॉक्टर मॅडॉक यांच्यासाठी होते. डॉक्टर मॅडॉक बाहेरगावचे, संशोधन विभागाचे प्रमुख. मातीतल्या बुरशीशी सहा वर्षे झटून त्यांनी एक नवे प्रतिजैविक औषध मिळवले होते. औषधाला अजून नाव नव्हते, नुसता क्रमांक होता, चौऱ्याऐंशी. उंदरांनी त्याच्या बाजूने कौल दिला होता. कुत्र्यांची काही तक्रार नव्हती. आता सशांचे मत तेवढे घ्यायचे राहिले होते.

वाचकहो, सशांचे मत का, असे तुम्ही विचाराल. औषध कितीही गुणकारी असले, तरी ते तयार होताना त्यात डोळ्यांना न दिसणारी घाण राहून गेली, तर ज्याच्या शिरेत ते जाईल त्याला ताप भरतो. आणि जो आधीच तापाने फणफणला आहे, त्याला तो जास्तीचा ताप सोबत घेऊनच जातो. या बाबतीत सशाचे शरीर माणसाइतकेच चिडके. म्हणून माणसाआधी सशाच्या कानाच्या शिरेत औषध सोडायचे, आणि पुढचे तीन तास दर तासाला त्याचा ताप मोजायचा. कुठे मोजायचा, ते सशाला माहीत असते आणि आपण विचारू नये.

नियम सरळ होता. तिघांपैकी एकाचाही ताप सहा दशांश अंश चढला, तर आणखी पाच ससे बसवायचे. मग आठांची चढण मिळून ३.७ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि सहा दशांश ओलांडणारे ससे आठांत तिघांहून अधिक असता कामा नयेत. नाही तर सगळी खेप मोरीत, आणि नवी खेप तयार व्हायला सहा आठवडे.

एरवी सहा आठवडे म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. पण या वेळी गेरिटचा मदतनीस आरी विरिंगा याचा थोरला भाऊ ट्यूनिस गावच्या इस्पितळात पडून होता. ट्यूनिस सेलरी नावाची पालेभाजी पिकवणारा. काळ्या दलदलीच्या शेतात सेलरी कापताना सुरी नडगीवर घसरली, जखम चिघळली, विष रक्तात उतरले आणि बाजारात होती नव्हती ती सगळी औषधे हरली. इस्पितळाच्या डॉक्टरांना कंपनीने शब्द दिला होता, की ससे पास झाले, तर माणसासाठीची पहिली मात्रा ट्यूनिसला. इस्पितळाच्या अंदाजाने ट्यूनिसजवळ फार तर या आठवड्याची अखेर होती.

सगळ्यांना हे माहीत होते. त्यामुळे ससेघरात त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

तीन सशांच्या कानांत औषध गेले. मग आरीने कोटाच्या खिशातून एक पांढरी गोळी काढून तोंडात टाकली आणि दुसरी गेरिटपुढे धरली.

"घ्या, ओम गेरिट."

ओम म्हणजे इथल्या बोलीत काका. पण हे दोघे काका-पुतणे नव्हते, इतकेच नव्हे तर एका चर्चचेही नव्हते. ओव्हरवीनमध्ये रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चर्चे समोरासमोर उभी आहेत. शंभर वर्षांपूर्वी एकच होते. मग देवासमोर काय गावे आणि काय गाऊ नये, यावरून फाटले. गेरिट या बाजूचे, आणि तेही वडीलमंडळींच्या बाकावर बसणारे. आरी त्या बाजूचा. लग्ने जुळत नाहीत, प्रेतयात्रा वेगवेगळ्या दारांनी निघतात. दोन्हीकडे समान राहिली ती ही एकच वस्तू, पेपरमिंटची गोळी. प्रवचनाचे तीन भाग, आणि प्रत्येक भागाला एक गोळी. आई पिशवीतून काढते, बाकावरून हातोहात फिरवते, आणि मूल पुढची वीस मिनिटे चुळबुळ करत नाही. हे वळण माणसाला सात वर्षांचा असताना लागते आणि सत्तराव्या वर्षी तिरडीपर्यंत पुरते.

गेरिटनी गोळीकडे पाहिले. चाचणीच्या दिवशी तोंडात काही ठेवायचे नाही, असा त्यांचा स्वतःशी केलेला नियम होता, आणि त्याचे कारण त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. पण ज्याचा भाऊ मरणाच्या दारात आहे त्याने पुढे केलेली गोळी, तीही रस्त्याच्या त्या बाजूने आलेली, नाकारायची कशी? उद्या गावात बभ्रा झाला असता, की हूकझेमांना विरिंग्यांची गोळीसुद्धा चालत नाही.

त्यांनी गोळी घेतली आणि गालात ठेवली.

दहाव्या मिनिटाला पहिल्या सशाने नाक वर केले. मग दुसऱ्याने. तिसऱ्याने मागच्या पायांनी फळीवर असा दणका दिला, की डॉक्टर मॅडॉक खुर्चीवरून उठले.

"हे काय करताहेत?"

"काही नाही," गेरिट म्हणाले. "बसतील."

ते बसले नाहीत. खोड्यात मान ताणून, ओठ थरथरवत, ते कधी गेरिटकडे वळत, कधी आरीकडे. पहिल्या तासाला ताप थोडा चढला. दुसऱ्या तासाला आणखी. आरीचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता, आणि जिवाला धीर म्हणून तो त्याच्या चर्चमधले एक गीत गुणगुणत होता.

"ते गुणगुणणं बंद कर," गेरिट म्हणाले.

"का?"

"सशांना त्रास होतोय."

"सशांना की तुम्हाला?"

"ससे माझ्या हाताखाली वाढलेत. त्यांना त्या चालीची सवय नाही."

"ओम गेरिट, तुमच्या बाजूच्या चालीत ते केव्हाच झोपले असते, हे मला कबूल आहे. गावसुद्धा झोपतं."

डॉक्टर मॅडॉक यांना यातले काही कळत नव्हते. त्यांचा संशय थर्मामीटरवर होता, म्हणून त्यांनी तिन्ही थर्मामीटर बदलायला लावले. नव्या थर्मामीटरांनी आणखी चढता आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी जुने परत मागवले.

तिसऱ्या तासाला निकाल लागला. सात दशांश, पाच दशांश, आठ दशांश. बेरीज दोन अंश.

आरीने खाली वाकून खोड्यांच्या कड्या काढल्या. चाचणी संपली की सशांपुढे पाणी आणि वाळलेले गवत ठेवायचे, असा क्रम होता. पहिला ससा सुटला. त्याने गवताकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो थेट आरीकडे आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि आरीच्या कोटाच्या उजव्या खिशात कानांपर्यंत डोके घालून बसला.

गेरिट हे आश्चर्याने पाहत असतानाच दुसरा ससा सुटला, आणि तो गेरिटच्या कोटाच्या डाव्या खिशात शिरला.

अशा रीतीने दोन जबाबदार गृहस्थ खिशात एकेक ससा घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. तिसरा ससा कोणाकडे जावे या विचारात मध्येच थांबला होता.

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टर मॅडॉक यांनी विचारले.

गेरिटनी घसा साफ केला. "सशाला खोड्यात शांत बसायला शिकवावं लागतं. दर आठवड्याला रिकामी तालीम घ्यायची. औषध नाही, नुसतं बसवायचं आणि ताप मोजायचा. जो चुळबुळ करणार नाही, त्याला..." ते थांबले. "त्याला मी गोळीचा एक कण देतो. दर मोजणीला एक. चाचणीच्या दिवशी मात्र कधीच नाही. चाचणीच्या दिवशी गोळ्या घरी ठेवून येतो."

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

आरी खिशातल्या सशाकडे पाहत म्हणाला, "कमालच झाली म्हणायची. मला वाटत होतं मीच एकटा देतो. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की."

"तूसुद्धा?"

"मलाही आईनं असंच बसायला शिकवलं होतं, ओम गेरिट."

डॉक्टर मॅडॉक यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हणजे या सशांना दर तालमीला दुहेरी गोळ्या मिळत होत्या, आणि आज तुम्ही दोघांनी त्यांच्या नाकासमोर बसून स्वतः गोळ्या खाल्ल्यात. यांना दिली नाहीत. तीन तास."

"असं म्हणता येईल," गेरिट म्हणाले.

"मग हा ताप माझ्या औषधाचा नाही. हा चिडण्याचा ताप आहे. धडपडून अंग तापलं. हे तीन ससे बाद करा आणि नवीन तीन घ्या."

आरीने मान वर केली. गेरिटना त्याच्याकडे पाहवेना.

"बाद करता येत नाहीत," गेरिट म्हणाले.

"का नाही? कारण तर सापडलं."

"तुम्हाला कारण गोळी असायला हवी आहे. आरीला हवी आहे. आणि मी तर मघापासून तशी प्रार्थनाच करतोय. तिघांनाही जे हवं तेच उत्तर निघालंय, म्हणून माझा त्यावर भरवसा बसत नाही. औषधातच घाण असली आणि आपण ते ट्यूनिसच्या शिरेत घातलं, तर? ताप आला तो आला. दोन अंश खर्च झाले. राहिले एक पूर्णांक सात दशांश. पाच सशांनी तेवढ्यात भागवलं पाहिजे."

"आणि नाही भागलं तर?" डॉक्टर मॅडॉक यांनी विचारले.

आरीने खिशातला ससा अलगद काढून पिंजऱ्यात ठेवला आणि म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे, डॉक्टर. माझा भाऊ आहे म्हणून मी म्हणू शकत नाही, आणि माझा भाऊ आहे म्हणूनच म्हणतो."

बुधवार पेपरमिंटच्या निर्मूलनात गेला. कोट उकळत्या पाण्यात घातले. खिसे उलटे केले तेव्हा गेरिटच्या कोटातून मूठभर चुरा निघाला. फरशी सोड्याने तीनदा घासली. पिंजरे धुतले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हुकूम गेला, की पेपरमिंट जवळ असलेल्या कोणालाही आत सोडू नये. ओव्हरवीनमध्ये हा हुकूम म्हणजे गावबंदीच. दुपारपर्यंत पहारेकऱ्याच्या टेबलावर पाव घमेले गोळ्या साठल्या, आणि हिशेब खात्यातल्या एका वयस्क बाईंनी आपल्या ऐवजाची पावती मागितली.

रात्री जेवताना गेरिटनी बायकोला घरातल्या सगळ्या गोळ्या शेजारी नेऊन द्यायला सांगितले.

"सगळ्या? रविवारी काय करायचं?"

"रविवारी प्रवचन ऐकायचं."

"गोळीशिवाय?" असे म्हणून त्या माउलीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी पहाटे गेरिटनी घराचे दार उघडले आणि उंबरठ्यावरच थांबले. वारा फिरला होता. रोज तो तळ्याकडून येई, आज दक्षिणेकडून येत होता, आणि दक्षिणेला मारिनुस डेक्करची भट्टी होती. वाचकहो, गोळीत जो अर्क असतो तो याच खोऱ्यात पिकतो. ऑगस्टात पेपरमिंटची कापणी होते, हिरवा पाला गाडाभर गाडा भट्टीत कोंबतात आणि वाफेने त्याचे तेल काढतात. डेक्करने नेमकी त्या पहाटे भट्टी पेटवली होती. सगळे खोरे घमघमत होते. गायी घमघमत होत्या. चर्चचा मनोरा घमघमत होता, दोन्ही चर्चचा.

आरी फाटकाशीच भेटला. "ओम गेरिट, मी डेक्करकडे जाऊन आलो. म्हणाला, कापलेला पाला आज नाही उकळला तर कुजेल. वर्षभराचं पीक आहे."

"तू कशासाठी सांगतोयस ते सांगितलंस?"

"सांगितलं. रडला बिचारा. पण भट्टी नाही विझवली. मी त्याच्या जागी असतो तर मीही नसती विझवली."

ससेघराच्या सगळ्या खिडक्या लावल्या. फटींत ओल्या चादरी कोंबल्या. वास थांबला, पण हवाही थांबली. नियमाप्रमाणे खोलीत वीस ते तेवीस अंश हवेत; तासाभरात काटा पंचविसावर गेला. खिडकी उघडावी तर पेपरमिंट, बंद ठेवावी तर भट्टी इथेच. पाच ससे खोड्यात बसायच्या आधीच धापा टाकू लागले.

"बर्फ," डॉक्टर मॅडॉक म्हणाले.

"बर्फ कुठला?" गेरिटनी विचारले.

"फेनाकडे आहे," आरी म्हणाला.

फेना ही ट्यूनिसची बायको. सेलरी शहरांकडे जाते ती बर्फात, म्हणून त्यांच्या गोदामात बर्फाच्या लाद्या भरलेल्या असतात. रात्रभर नवऱ्याच्या उशाशी बसून ती नुकतीच घरी आली होती. आरीने फोन केला तेव्हा तिने काही विचारले नाही, आणि वीस मिनिटांत ट्रक स्वतः हाकत कंपनीच्या आवारात आली. मोठ्या हाडापेराची बाई, पायांत नवऱ्याचे रबरी बूट.

"पिशवीत चार आहेत," ती फाटकावर पहारेकऱ्याला म्हणाली, "आणि एक या गालात आहे. थांब." तिने गालातली गोळी रुमालात काढली, रुमाल पिशवीत ठेवला, पिशवी त्याच्या हातात दिली. "सांभाळ. हरवलीस तर दोन्ही चर्चांत बोंब मारीन."

सहा लाद्या ओढत आत आणल्या. आणि पाचही सशांनी एकदम नाके वर केली.

गेरिटनी लादीचा वास घेतला. लाद्या रात्रभर सेलरीच्या जुड्यांखाली पडून होत्या. सशाला पेपरमिंट आवडते हे खरे. पण पेपरमिंट त्याला शिकवावे लागले होते. सेलरी तो आईच्या पोटातून शिकून आला होता.

"बाहेर," गेरिट म्हणाले. "सगळ्या बाहेर."

मग आवारात एक दृश्य दिसले, ते कंपनीत अजून सांगतात. नवे प्रतिजैविक शोधणारे डॉक्टर मॅडॉक पाण्याची नळी धरून उभे होते, आणि आरी व फेना गुडघ्यांवर बसून बर्फाला साबण लावत होते.

"डॉक्टर, पाणी जरा कमी सोडा," फेना म्हणाली. "वास जाईल तोवर बर्फही जाईल."

"तुमच्या सेलरीचा वास फार चिवट आहे."

"आमच्यातलं सगळंच चिवट आहे. त्या भरवशावर तर मी इथं आले."

डॉक्टर मॅडॉक यांनी नळीची तोटी अर्धी बंद केली.

धुतलेल्या साडेचार लाद्या आत आल्या आणि घमेल्यांत ठेवल्या. काटा उतरू लागला. चोवीस, बावीस, एकवीस. ससे शांत झाले. नवाला पाच कमी असताना त्यांच्या कानांत औषध गेले. काटा मात्र उतरतच राहिला. एकोणीस पूर्णांक आठ.

"आता थंडी जास्त झाली," आरी म्हणाला.

गेरिटनी क्षणभर विचार केला. "माणूस ही एक शेगडी आहे. फेना, तू आत येऊन बस. डॉक्टर, तुम्हीही. बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वास घ्यायचा."

अशा रीतीने चार शेगड्या भिंतीला टेकून बसल्या, आणि काटा विसावर येऊन स्थिरावला. पहिल्या तासाला पाचही सशांनी सभ्यपणा सोडला नाही. फेना त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"यांचं काय होतं नंतर?" तिने हळूच विचारले.

"गवत खातात," गेरिट म्हणाले.

"आणि औषध वाईट निघालं तर?"

"तर यांना एक दिवस ताप येतो. हे सोसतात."

"आणि तो नाही सोसणार."

"नाही, पोरी. तो नाही सोसणार. म्हणून यांना विचारतोय."

दुसऱ्या तासाला इस्पितळातून निरोप आला. ट्यूनिस माणसे ओळखत नव्हता. डॉक्टरांचे म्हणणे होते, द्यायचे असेल तर दुपार उलटायच्या आत. फेनाने निरोप ऐकला, मांडीवरचे हात एकदा उलटे केले आणि पुन्हा सुलटे केले.

तिसऱ्या मोजणीला थोडा अवकाश असताना पाचवा ससा अस्वस्थ झाला. आधी नाक. मग ओठ. मग फळीवर पायाचा दणका. गेरिट त्याच्या दिशेने एक पाऊल गेले. सशाने दुसरा दणका दिला.

"वास येतोय कुठून तरी," आरी कुजबुजला.

"खिडक्या बघ."

"खिडक्या ठीक आहेत."

गेरिट आणखी जवळ गेले आणि सशाच्या तोंडाशी वाकले. सशाने मान ताणली आणि थेट त्यांच्या मिशीला नाक लावले. गेरिट तसेच थिजले. सबंध गावाच्या गालांतून गोळ्या काढवणारे, बर्फाला साबण लावायला लावणारे गेरिट हूकझेमा त्या दिवशी पहाटे, गेल्या चाळीस वर्षांच्या नेमाप्रमाणे, दात घासून आले होते. दंतमंजन पेपरमिंटचे होते.

त्यांनी तोंडावर हात ठेवला, एक शब्दही न बोलता पाठ न वळवता दारापर्यंत मागे गेले, आणि बाहेर पडून त्यांनी दार लावून घेतले. दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. काचेआडून त्यांचा चेहरा दिसू लागला.

आता थर्मामीटर काढायचे कोणी? आरी रुग्णाचा भाऊ. फेना बायको. डॉक्टर मॅडॉक औषधाचे जन्मदाते. एकाचाही शब्द गेरिटनी प्रमाण मानला नसता, आणि हे तिघांनाही ठाऊक होते. काचेबाहेरून गेरिटनी हाताने खूण केली: काढ, बघू नकोस, इकडे आण.

आरीने पहिला थर्मामीटर काढला. मान दुसरीकडे फिरवून, डोळे मिटून, तो दारापर्यंत चाचपडत आला आणि त्याने नळी काचेला लावली. बाहेरून गेरिटनी चष्मा काचेला लावून आकडा वाचला आणि सकाळचा आकडा त्यातून वजा केला. तीन दशांश. दुसरा आला. दोन. तिसरा, चार. चौथा, दोन.

बेरीज एक पूर्णांक एक. पाचव्याला सहा दशांशांची मुभा होती.

पाचवा ससा अजून दारावरच्या काचेकडे पाहत होता. आरीने त्याचा थर्मामीटर काढला आणि डोळे मिटून आला. या वेळी त्याचा हात इतका कापत होता, की नळी काचेवर टकटक वाजू लागली. गेरिटना आकडा दिसेना. तेव्हा फेना उठली, तिने दिराचे मनगट दोन्ही हातांनी धरून काचेवर दाबले, आणि तिनेही डोळे मिटून घेतले.

गेरिटनी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग दार किलकिले करून, फटीतून, तोंड बाजूला वळवून म्हणाले, "पाच. आठांची मिळून तीन पूर्णांक सहा."

"म्हणजे?" फेनाने डोळे न उघडता विचारले.

"म्हणजे ट्रक काढ."

डॉक्टर मॅडॉक औषधाची पेटी छातीशी धरून तिच्या शेजारी बसले. ट्रक फाटकाबाहेर पडताना पहारेकरी पिशवी घेऊन धावला, पण फेना थांबली नाही.

"एक दशांशाने," आरी म्हणाला. तो सशांच्या खोड्यांजवळ जमिनीवर बसला होता. "ओम गेरिट, एक दशांशाने."

"हो."

"परवा मी ती गोळी दिली नसती तर एवढा जीव टांगणीला लागला नसता."

"मी ती घेतली नसती तरी लागला नसता," गेरिट दाराबाहेरूनच म्हणाले. "आता त्यांना सोड. आणि पाचव्याला माझ्यापासून लांब ठेव."

त्या दुपारी मात्रा दिली गेली. पुढचा निकाल सशांच्या हातात नव्हता. गेरिट रोज कामावरून सुटल्यावर इस्पितळावरून घरी जात, आत न शिरता फेनाला खिडकीतून मानेनेच विचारत, आणि ती मानेनेच सांगे. पहिले तीन दिवस तिची मान हलली नाही.

रविवार, २४ ऑगस्ट. सकाळचे प्रवचन आणि दुपारचे प्रवचन यांच्या मधल्या वेळेत गेरिट प्रथमच खोलीत आले. काळा कोट, हातात टोपी. उशीला टेकून ट्यूनिस बसला होता. निम्मा उरला होता, पण माणसे ओळखत होता. आरी आणि फेना दोन्ही बाजूंना बसले होते.

"हेच का ते सशांचे हूकझेमा?" ट्यूनिसने विचारले. "आरी म्हणतो, तुम्ही माझ्या बायकोकडून बर्फ धुऊन घेतलात."

"घेतला."

"त्या बाजूच्या चर्चची माणसं काय काय करायला लावतील, सांगता येत नाही." आणि मग त्याने फेनाकडे हात पसरला. "एक गोळी दे गं. महिना झाला."

फेनाने पहारेकऱ्याकडून परत मिळालेली पिशवी उघडली. चार होत्या. एक दिराला दिली, एक गेरिटना, एक स्वतः घेतली, आणि चौथी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली, तोच परिचारिका थर्मामीटर घेऊन आत आली.

"आधी हे," गेरिट एकदम म्हणाले. "मग गोळी."

परिचारिकेने चमकून पाहिले. ट्यूनिसने निमूटपणे तोंड उघडले. तेवढ्यात गेरिटच्या ध्यानात आले, की आरीचा गाल फुगलेला आहे, फेनाचा फुगलेला आहे आणि आपलाही. रुग्णाचे नाक हळूहळू त्यांच्या दिशेने वळत होते. तिघांनीही एकाच वेळी रुमाल काढले.

परिचारिकेने नळी उजेडात धरली. "अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ."

आरी आणि फेना दोघेही गेरिटकडे पाहू लागले. माणसांचे फॅरनहाइटचे अंश त्यांच्या सवयीचे नव्हते, सशांचे सेल्सिअसचे होते. त्यांनी रुमाल खिशात घातला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात तो आकडा सशांच्या मापात बसवून पाहिला. मग पुन्हा एकदा बसवून पाहिला.

"सदतीस पूर्णांक एक," ते म्हणाले.